प्रसादाला खाणं म्हणत नाहीत

गुरुवारी सकाळी सिंधुबाईंनी आरतीची घंटा वाजवली आणि पिल्लू आलं नाही.

खरं तर एवढंच झालं. समई लागली होती, निरांजन ओवाळून झालं होतं, शेवंतीची पांढरी फुलं देवांच्या डोक्यावर नीट बसली होती, आणि मार्गशीर्षातली थंडी मखमलाबाद रोडवरच्या गच्च्यांवरून अजून उठली नव्हती. पण गेले बारा दिवस घंटेचा पहिला ठोका पडला की जिन्याखालून नखांची टकटक सुरू व्हायची, स्वयंपाकघराच्या वळणावर फरशीवरून पाय घसरायचे, आणि मग देवघराच्या उंबऱ्याशी पिवळसर केसांचा एक गोळा येऊन बसायचा. आत यायचा नाही. हात जोडल्यासारखे पुढचे दोन पाय जवळ घ्यायचा आणि सिंधुबाईंच्या हाताकडं बघत राहायचा. "मागच्या जन्मीचा टाळकरी दिसतोय," भिकनराव म्हणायचे. आज वळणावर काही घसरलं नाही. सिंधुबाई हातातली घंटा तशीच धरून उभ्या राहिल्या आणि मग, लग्न होऊन या घरात आल्यापासून चाळीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी आरती संपल्यावर घंटा पुन्हा वाजवली. देवाला काय वाटलं असेल कोण जाणे. जिन्याखालून काहीच आवाज आला नाही.

पिल्लू त्यांनी मागितलं नव्हतं. घरामागच्या तीस गुंठ्यांत भिकनराव शेवंती आणि झेंडू काढायचे, पहाटेच्या थंडीत गणेशवाडीच्या फुलबाजारात माल टाकून उन्हं वर यायच्या आत रिकाम्या क्रेटांसकट परत यायचे. त्या दिवशी एक क्रेट रिकामं नव्हतं. चेंगरलेल्या झेंडूच्या फुलांवर हे कुत्र्याचं पिल्लू झोपलेलं. "मी नाय आणलं, तेच बसलं गाडीत," असं म्हणून त्यांनी क्रेट ओट्यावर ठेवलं आणि बायकोकडं न बघता तोंड धुवायला निघून गेले. "बाहेर ठेवा," एवढंच सिंधुबाई म्हणाल्या, तेही इतक्या हळू की नळाच्या आवाजात ते विरून गेलं. तिसऱ्या दिवशी ते बाहेरून पडवीत आलं, पाचव्या दिवशी जिन्याखाली, जुन्या गोणपाटावर. भिकनराव त्याला झेंड्या म्हणायला लागले. सिंधुबाईंनी नाव घेतलं नाही. नाव घेतलं की माणूस अडकतो. त्या नुसतं "ए" म्हणायच्या, आणि ते तेवढ्यावर यायचं.

देवघरातून उठून त्या जिन्याखाली वाकल्या. पिल्लू जागं होतं. डोळे उघडे, पण शेपटी हलली नाही. गोणपाटाच्या कडेला पिवळं पाणी पडलेलं, त्यात फुगून टपोरी झालेली एक काळी मनुका. त्यांनी ती मनुका दोन बोटांनी उचलली, धुतली आणि तुळशीच्या मुळाशी ठेवून दिली. नैवेद्यातली होती. पायाखाली यायला नको. मग फडकं आणून फरशी पुसली आणि हातावर पाणी घेतलं.

बुधवारपासूनच काहीतरी बिनसलं होतं. दूध अर्धं टाकलं, भाकरीचा कुस्करा नुसता हुंगला. तिन्हीसांजेला दिवा लावताना ते उंबऱ्याशी आलं खरं, पण बसलं नाही, आडवंच झालं. नैवेद्याच्या वाटीतल्या मनुका सिंधुबाईंनी एकेक करून पुढं केल्या, आणि दुधाला तोंड न लावणाऱ्या त्या जिवानं त्या मात्र चाटून पुसून घेतल्या. खातंय, म्हणजे बरं आहे. त्यांनी डबा उघडला, मूठभर आणखी घेतल्या, देवापुढं धरल्या, वर अंगाऱ्याचं बोट टेकवलं आणि तेवढ्या सगळ्या त्याला भरवल्या. मुलांना ताप आला की आई असंच तर करते. जे जातं ते घाल बाई. मयूर लहानपणी आजारी पडला की फक्त मुरमुरे खायचा, तर दोन दोन दिवस मुरमुऱ्यांवर काढलेत त्यांनी.

"अहो, त्याला बरं नाही," त्या भिकनरावांना म्हणाल्या.

"कोणाला? झेंड्याला?" ते चहाचा कप ठेवून उठलेच. जिन्याखाली उकिडवे बसले, पिल्लाच्या नाकाला हात लावला. "थंडी बाधली असंल. किंवा जंत. चल, स्कूटरवर दहा मिनिटं नाय लागत."

सिंधुबाई आजवर दवाखान्यात गेल्या होत्या त्या माणसांच्या. मांडीवर शाल, शालीत ते, आणि समोर भिकनरावांची पाठ. ओंजळीएवढं हलकं नव्हतं ते, आणि तान्ह्या पोराएवढं जडही नव्हतं. काखेतल्या फुलांच्या परडीएवढं होतं, पण परडीला असं आतून धडधडत नाही. गंगापूर रोडच्या सिग्नलला थांबल्यावर त्यांनी शालीत डोकावून पाहिलं. ते त्यांच्याकडंच बघत होतं. एवढा विश्वास कुणी टाकू नये माणसावर, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी शाल पुन्हा झाकली.

जनावरांची डॉक्टर म्हणजे कुणीतरी धिप्पाड माणूस असेल असं त्यांना वाटलं होतं. ही तर सुनेच्या वयाची, भाग्यश्री नावाची मुलगी, केसांना रबर लावलेली. तिनं पिल्लाच्या हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, काचेची नळी लावून ताप पाहिला आणि विचारलं, "काय काय खायला देता काकू?"

"दूध-भाकरी. कधी भात."

"बाहेरचं काही? कचरा, हाडं, उंदराचं औषध वगैरे?"

"नाही हो. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"गोडधोड? चॉकलेट, बिस्किटं?"

"गोड मला बंद हे, त्याला कुठून मिळायचं?" भिकनराव म्हणाले. डॉक्टर हसली. उलटीचं इंजेक्शन दिलं, जंताचं औषध उलटी थांबल्यावर द्या म्हणाली, आणि कुत्रं पहिल्यांदाच पाळणाऱ्यांना देतात तो एक छापील कागद हातात ठेवला. "दुपारपर्यंत बघा. उलटी थांबली नाही किंवा असंच मलूल राहिलं तर लगेच आणा. आणि काही आठवलं तर फोन करा, लाजू नका."

घरी आल्यावर पिल्लू जिन्याखाली गेलं नाही. स्वयंपाकघरातच, फ्रिजच्या कडेला, भिंतीला पाठ लावून पडलं. सिंधुबाईंचा गुरुवारचा उपास. त्या भगर निवडत बसल्या. निवडताना त्यांची नजर ताटापेक्षा पिल्लाच्या बरगड्यांवर जास्त. वर, खाली, वर, खाली, आणि मधे एखादी वर जायला उशीर झाला की त्यांचाच श्वास अडकायचा. बाहेर पडवीत भिकनराव खुर्चीत बसून तो कागद मोठ्यानं वाचत होते. पेपरही ते असाच वाचायचे, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "कुत्र्याला पुढील पदार्थ देऊ नयेत. चॉकलेट. बरं. कांदा. लसूण. द्राक्षं, मनुका, बेदाणे." ते थांबले आणि खो खो हसायला लागले. "अगं ऐकलं का? कांदा नको, द्राक्षं नको! मग नाशिकच्या कुत्र्यानं खायचं तरी काय? लासलगाव बंद, पिंपळगाव बंद! याला आता दुसऱ्या जिल्ह्यात द्यावं लागतंय!"

भगरीचे दाणे सिंधुबाईंच्या बोटांतून ताटात पडत राहिले.

मनुका. त्यांनी फळीवरच्या डब्याकडं पाहिलं. निफाडला दिलेली बहीण दरवर्षी घरच्या द्राक्षांच्या वाळवून पाठवायची, चार किलो, "तुझ्या देवाला" म्हणून. अकरा वर्षांचा नेम होता त्यांचा. रात्री तांब्याच्या वाटीत मनुका भिजत घालायच्या, सकाळी नैवेद्य दाखवायचा. भिकनरावांना साखर निघाल्यापासून वाटीतलं उरायला लागलं, आणि प्रसाद टाकायचा नसतो, म्हणून गाईला, कावळ्याला, आणि बारा दिवसांपासून उंबऱ्याशी बसलेल्या त्या टाळकऱ्याला. पाच. सात. कधी दहा. आणि काल मूठभर. डॉक्टरनं तीन तीन वेळा विचारलं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांना आठवलंच नव्हतं. प्रसादाला कुणी खाणं म्हणतं का? उपासाला चालतो, ओवळ्यात चालतो, सुतकातल्या माणसाच्या सुद्धा हातावर ठेवतात. त्यांचं माहेर देवळ्याचं. लहानपणी शिळ्या शिऱ्याला तोंड वेंगाडलं की आई म्हणायची, "परसाद शे तो, त्याना तरास व्हत नही." आणि खरंच कधी झाला नाही. निदान तसं वाटलं. आता हे फ्रिजच्या कडेला बरगड्या मोजायला लावतंय ते काय आहे मग? देवापुढं ठेवलेलं विष होतं का? हा विचार मनात आला मात्र, आणि त्यांनी घाईनं कानाच्या पाळीला हात लावला, जसा चुकून देवाला पाय लागल्यावर लावतात. तरी तो गेला नाही. अकरा वर्षं रोज सकाळी आपण जे भक्तीनं केलं त्याचंच हे झालं, असं तोंडानं कसं सांगायचं? त्या मुलीला काय वाटेल? आणि नसेलही तसं. जंतच असतील. गाईला काय होतं मनुकांनी? डॉक्टर म्हणाली होती दुपारपर्यंत बघा. अजून बारासुद्धा वाजले नाहीत. थोडं थांबावं. उगाच आपल्या तोंडानं आपण...

आणि त्या थांबल्या, ताट पुढं घेऊन. आणि त्या थांबण्यात त्यांना सुनेची, दिशाची पाठ दिसली. सहा वर्षं झाली. नव्या लग्नात दिवस गेले, आणि तिसऱ्याच महिन्यात दिशाचं पोट रिकामं झालं. दवाखान्यातली हिरवी चादर, उशीला चिकटलेले केस. सिंधुबाईंनी मायेनं ते केस मागं सारले, सारता सारता म्हणाल्या, "जपायला हवं होतं गं." बस. त्यात राग नव्हता, दोष नव्हता, निदान त्यांना त्या वेळी तसं वाटलं होतं. हळहळ होती नुसती. दिशानं तोंड भिंतीकडं वळवलं. पुढं मयूरची पुण्याला बदली झाली, पुढं राज झाला, सगळं नीट झालं, दर गुरुवारी फोन येतो. पण सिंधुबाईंचा आवाज त्या दिवसापासून उतरला तो उतरलाच. गल्लीतल्या बायका म्हणतात, सिंधुताई म्हणजे साक्षात मऊ भात. कुणाला काय माहीत. एक वाक्य तोंडातून गेलं की ते कुठं जाऊन रुततं ते कळल्यापासून त्या प्रत्येक शब्द जिभेवर घेऊन चाचपून बघतात आणि मग बहुतेक वेळा गिळतात. आता त्यांना कळलं की ते वाक्य ऐकायला कसं लागतं. कुणी म्हटलं नव्हतं, तरी ऐकू येत होतं, भिंतीकडून, डब्याकडून, त्या वरखाली होणाऱ्या बरगड्यांतून. जपायला हवं होतं गं. जपलंच तर होतं. जपूनच तर घातल्या एकेक करून.

पिल्लानं मान उचलली, पोट आत ओढलं, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. नुसता आवाज. मग ते पुन्हा पडलं, आणि पडताना त्याची मान सिंधुबाईंच्या पायावर आली.

"अहो!" त्या ओरडल्या. स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू आला नाही. भिकनराव कागदासकट आत धावत आले. "मी घातल्या. मनुका. रोज घालते. काल मूठभर घातल्या."

भिकनराव बघत राहिले. त्यांच्या हातातला कागद, मग डबा, मग पिल्लू. "प्रसादाच्या?"

सिंधुबाईंनी मान डोलावली.

"तरी मी म्हणतो हा येवढा भाविक कसा," ते म्हणाले, पण हसले नाहीत. खिशातून फोन काढून बोटानं नंबर शोधायला लागले. "माझ्या साखरेच्या वेळी तेच. डॉक्टर विचारतोय, गोड खाता का, आपण दोघं म्हणतोय, छ्या. आणि रोज सकाळी वाटीभर मनुका आन गुरुवारी शिरा. तीन महिने तो बिचारा गोळ्या वाढवत बसला. धर, वाजतोय. तूच सांग, मला आकडे नाय माहीत."

सिंधुबाईंनी सांगितलं. सगळं, दिवसवार. काल तिन्हीसांजेला, साधारण चाळीस, भिजवलेल्या नव्हे, कोरड्या. सकाळच्या उलटीत एक होती, मी धुऊन टाकली. मग डॉक्टर म्हणाली, "काकू, बरं झालं आत्ता सांगितलंत. आत्ता निघा. हातातलं ठेवा आणि निघा."

दवाखान्यात पिल्लाच्या पुढच्या पायावरचे केस डॉक्टरनं वस्तऱ्यानं काढले तेव्हा खालची कातडी कोवळी गुलाबी निघाली, उंदराच्या पोटासारखी. तिथं सुई, सुईला नळी, वर सलाईनची बाटली. सिंधुबाई टेबलाशी उभ्या राहून त्याचं डोकं धरून होत्या. "कुत्र्यांना मनुकांनी काय होतं ते नीटसं कुणालाच माहीत नाही," डॉक्टर काम करता करता म्हणाली. "एखादं किलोभर पचवतं, एखाद्याला चार भोवतात. होतं ते मूत्रपिंडाला. ती बंद पडली तर मग आपल्या हातात फारसं नाही. आता आपण पाणी चढवत राहायचं आणि वाट बघायची."

"कशाची?"

"लघवीची. काल संध्याकाळपासून केलीय का यानं?"

सिंधुबाईंना आठवेना. सकाळी गोणपाट कोरडं होतं. पडवी कोरडी. रोज कुठंतरी थारोळं असायचं, त्या रोज पुसायच्या आणि पुसताना पुटपुटायच्या, की अरे मेल्या, सकाळी सकाळी सोवळ्यात हे काय. "नाही," त्या म्हणाल्या. "नाही केली."

"उद्या सकाळपर्यंत झाली तर जिंकलो म्हणा अर्धं." तिनं मान वर केली. "आणि काकू, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. इथं रोज कुणीतरी असं काहीतरी घालून येतं. बहुतेक जण कबूल करत नाहीत, आणि मग मी अंधारात औषधं देत बसते."

संध्याकाळी नळी काढून, सुई पायाला चिकटपट्टीनं बांधलेली तशीच ठेवून, त्यांनी पिल्लाला घरी आणलं. उद्या दवाखाना उघडताच परत न्यायचं होतं. साडेसातला दिशाचा फोन आला. नेहमीची चौकशी, राजची शाळा, पुण्याची थंडी. सिंधुबाई नेहमी 'हो' आणि 'बरं' एवढ्यावर भागवायच्या. आज त्या सांगत सुटल्या, घंटेपासून सुईपर्यंत. मग दिशा म्हणाली, "आई, तुम्ही काही खाल्लंत का?"

"नाही अजून."

"खाऊन घ्या आधी. मी थांबते फोनवर."

थाळीत भगर घेऊन त्या ओट्याशी उभ्याच राहिल्या. दोन घास गिळले. मग तिसरा तसाच हातात. "दिशा, त्या वेळी दवाखान्यात मी तुला एक बोलले होते."

"हं."

"आठवतं का तुला?"

"आठवतं," दिशा म्हणाली. असू द्या म्हणाली नाही, विसरा म्हणाली नाही. मग विचारलं, "उद्या किती वाजता न्यायचंय त्याला? मला लगेच कळवा हं. मी ऑफिसात असले तरी." आणि सिंधुबाईंना वाटलं, सहा वर्षांत पहिल्यांदा दोघी एका खोलीत बसल्यात. बसायला अवघड अशी खोली, पण एकच.

शुक्रवारी त्यांनी देवापुढं साखर ठेवली. देवाला त्यांनी काही मागितलं नाही, कारण काय मागायचं ते शब्दांत फार विचित्र होतं. त्या नुसत्या बसल्या, आणि बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात आलं की रागही नाही आपल्या मनात. मनुका मनुकाच होती. आपण तिला देवापुढं धरली म्हणून ती स्वतःचा गुण सोडून कशी देईल? देवानं तरी तिला तसं का सांगावं? हे इतकं साधं होतं की साठीला टेकल्यावर कळल्याची त्यांना लाज वाटली.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर सिंधुबाई, शेजारी मांजराची पिशवी मांडीवर घेतलेला एक चष्मेवाला माणूस, पलीकडं भिकनराव उभे. त्यांना बसवेना. सकाळपासून पिल्लानं पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं आणि गोणपाट पुन्हा कोरडंच होतं. रात्रभरात त्याचं वजन उतरल्यासारखं वाटत होतं, की आपला हातच सरावला? त्यांनी शाल सारखी केली. "झेंड्या," त्या हळूच म्हणाल्या. कानाचं टोक हललं. "झेंड्या, बाळा, कर रे. कुठंही कर."

नंबर पुकारला गेला, दुसऱ्याचा. दार उघडलं, मिटलं. आणि सिंधुबाईंना मांडीवर ऊब जाणवली. आधी वाटलं शालीची. मग ती पसरली, लुगड्याच्या निऱ्यांतून खाली उतरली, गुडघ्यापर्यंत, मग पोटरीवरून एक धार, चपलेत. चष्मेवाला माणूस पिशवी उचलून बाकाच्या टोकाला सरकला. "काकू, तुमच्या कुत्र्यानं..." तो म्हणाला.

"हो," सिंधुबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या मोठ्यानं हसत होत्या. "हो ना!"

भिकनरावांनी डॉक्टरच्या दारावर थाप मारली. ती हातमोज्यांसकट बाहेर आली, खाली वाकली, त्या ओल्या लुगड्याला पांढरा बोळा टेकवून उजेडात धरला. "रंग चांगला आहे," ती म्हणाली. "रक्त तपासू उद्या परवा, पण चांगला आहे. काकू, आत बाथरूम आहे, कपडे..."

"राहू दे," सिंधुबाई म्हणाल्या. पिल्लाचे डोळे मिटत आले होते. "आत्ता उठले तर जागं होईल ते." आणि आपला नंबर येईपर्यंत त्या तशाच, भिजलेल्या, न हलता बसून राहिल्या.